तीन पदांची गाडी

सुरतेच्या डिंडोलीतल्या कितीतरी खानदेशी घरांचं गाव एकाच लोहमार्गावर आहे. उधना जंक्शनहून निघालेले रूळ नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव घेत जळगावला पोचतात. त्या मार्गाने परतणारी गाडी उधना जवळ आल्यावर कधी इंजिनाची ओढ बंद करते आणि हाती असलेल्या वेगावरच धावते. रेल्वेवाले याला कोस्टिंग म्हणतात. सपाट, सरळ रुळांवरच्या या धावेचं गणित एका ओळीत मावतं, आणि मला ती ओळ फार आवडते:

वस्तुमान × वेग बदलण्याचा दर = −(अ + ब·व + क·व²)

व म्हणजे वेग. कंसातली बेरीज गाडीला होणारा रोध सांगते, आणि ती डब्ल्यू. जे. डेव्हिस या अमेरिकन अभियंत्याने १९२६ साली मांडली. अ हा बेअरिंगांचा आणि चाकांच्या लोळण्याचा रोध; वेग कितीही असो, तो तेवढाच. ब मध्ये मुख्यतः चाकांची कड रुळाला घासते तो भाग येतो. क म्हणजे हवा. समीकरणाची खरी खुबी अशी की ज्याचा शोध घ्यायचा तो वेगच दोन्ही बाजूंना बसला आहे. वेग रोध ठरवतो, रोध वेग घटवतो, घटलेला वेग पुन्हा नवा रोध ठरवतो. अवकल समीकरण सोडवायचं म्हणजे हे चक्र क्षणाक्षणाने न मोजता एकदम उलगडायचं.

तिन्ही पदं आधी सुटी वाचावीत, तरच प्रत्येकाचा स्वभाव कळतो. समजा गाडीचा वेग सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर आहे, आणि पहिल्या क्षणी तो दर सेकंदाला ०.२ मीटरने घटतो आहे. खरी गाडी इतक्या लवकर वेग सोडत नाही. आकडे सोयीचे घेतले आहेत. एकटं अ असेल तर गाडी १०० सेकंदांत, बरोबर १००० मीटरवर थांबते. यात नवल नाही.

एकटं ब घ्या. आता दर १०० सेकंदांना वेग आधीच्या सुमारे ३७ टक्क्यांवर येतो. घट होत राहते, पण शून्य कधीच येत नाही. गाडी थांबतच नाही. तरीही ती २००० मीटरच्या खुणेपलीकडे जाऊ शकत नाही! अनंत काळ चालायचं आणि दोन किलोमीटरही पुरे करायचे नाहीत. हे कोडं न्यूटनने १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त, दुसऱ्या भागाच्या पहिल्याच प्रमेयात सोडवून ठेवलं आहे: रोध वेगाच्या प्रमाणात असेल, तर गमावलेली गती कापलेल्या अंतराच्या प्रमाणात असते. काळ या विधानात येतच नाही. गती मोजकी, म्हणून अंतरही मोजकं. इतकं निर्मळ विधान यंत्रशास्त्रात मला क्वचितच भेटलं आहे.

एकटं क मात्र आणखी पुढे नेतं. वर्गामुळे वेग जास्त असताना रोध जबर असतो, आणि वेग उतरला की तो जवळजवळ नाहीसाच होतो. १०० सेकंदांत वेग निम्मा होतो आणि अंतर १३८६ मीटर भरतं. तासाभराने गाडी सात किलोमीटरच्या पुढे असते, दहा तासांनी जेमतेम बाराच्या आत. पण तिला कुंपण नाही. पुरेसा काळ दिला तर ती वाटेल तेवढं अंतर कापेल. सुरुवातीला सर्वांत कठोर वाटणारा हवेचा रोध एकटा असता तर तिला कुठेच अडवू शकला नसता.

म्हणजे गाडी खरोखर थांबते ती कशामुळे? वेगाची दखलही न घेणाऱ्या त्या साध्या अ मुळे.

आता अ आणि क एकत्र वाचा. समीकरणातला सर्वांत सुंदर भाग हाच. समाकलन केलं की उत्तरात स्पर्शज्येचं (टॅनचं) व्यस्त फल, म्हणजे एक कोन, येतं. सरळ रुळांवरच्या धावेत कोन कुठून आला, असं वाटतं. पण या कोनाला मर्यादा आहे: तो काटकोनाच्या आतच राहतो. अ मुळे होणारी घट सेकंदाला ०.०२ मीटर धरा, आणि ताशी ७२ ला हवेची घटही तेवढीच. गाडी सुमारे १३ मिनिटांत थांबेल. वेग दुप्पट केला तर साडेअठरा मिनिटांत. आणि वेग वाटेल तेवढा वाढवला, तरी २६ मिनिटं आणि थोडे सेकंद यांपलीकडे ती धावू शकत नाही. त्या कमाल काळाच्या सूत्रात, वर्तुळाचा मागमूस नसताना, पाय (π) उभा असतो. जितका वेग चढवाल तितकं हवा सुरुवातीलाच काढून घेते, आणि उरलेलं अ संपवतं. ब मिसळलं तर काळ आणखी आखडतो, इतकंच.

एक उणीव मात्र दाखवायलाच हवी. वेग शून्य झाल्यावरही समीकरणात उणे अ शिल्लक राहतं. ते तसंच पुढे सोडवत गेलात, तर उधन्याला थांबलेली गाडी आपोआप जळगावकडे मागे सरकू लागेल. घर्षणाची दिशा गतीच्या दिशेवर ठरते आणि गती संपली की त्याचं कामही संपतं, हे त्या ओळीला माहीत नाही. म्हणून उत्तर त्या क्षणापर्यंतच खरं धरायचं आणि तिथे आपल्या हाताने थांबवायचं.