खेळांतील जाणीव आणि नेणीव

कोणत्याही नव्या कलेला आपली प्रतिष्ठा वाढविण्यासाठीं वडीलधाऱ्या शास्त्रांच्या पंगतीस बसण्याची हौस असते. कादंबरीनें आरंभीं इतिहासाचा हात धरला, चित्रपटानें नाटकाचा. पडद्यावर खेळल्या जाणाऱ्या खेळांनीं, ज्यांना सर्वत्र व्हिडिओ गेम म्हणतात, गेल्या पंचवीस-तीस वर्षांत तत्त्वज्ञान आणि मनोविश्लेषण यांचा हात धरला आहे. फ्रॉइड, युंग, नीत्शे हीं नांवें या खेळांच्या चर्चेंत आतां इतक्या सहजपणें येतात कीं, एखाद्या खेळांत त्यांचा उल्लेख सांपडला म्हणजे तो खेळ आपोआप गंभीर ठरतो. हें माप आम्हांला फसवें वाटतें. पात्रांच्या तोंडीं सिद्धान्त घातल्यानें जसें नाटक विचारप्रधान होत नाहीं, तसाच खेळही होत नाहीं. तत्त्वज्ञान खेळांत नेमकें कोठें वास करतें, पात्रांच्या संवादांत कीं खेळणाराच्या हातांत, हा खरा प्रश्न आहे. तीन प्रसिद्ध खेळांच्या आधारें त्याचा विचार करावा असा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

खेळ आणि काव्य यांचें नातें फ्रॉइडनें १९०८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या निबंधांतच सांगून ठेवलें आहे. खेळणारें मूल आणि कवि हे दोघेही आपापलें जग मोठ्या तन्मयतेनें रचतात. खेळाच्या विरुद्ध असतें तें वास्तव, गांभीर्य नव्हे, असा त्याचा अभिप्राय होता. परंतु काव्याच्या वाचकाला जी एक मोकळीक असते ती खेळणाराला नसते. आपल्या रसशास्त्रानें साधारणीकरणाची कल्पना मांडली ती प्रेक्षकाला समोर ठेवून. रंगभूमीवरील दुःख कोणा एकाचें न राहतां सर्वांचें होतें, म्हणून प्रेक्षक तें आस्वादूं शकतो. त्या दुःखाचें उत्तरदायित्व त्याच्यावर येत नाहीं. देवलांचा झुंझारराव आपल्या निरपराध पत्नीचा जीव घेतो तेव्हां आपण खुर्चींत बसून हळहळतों, पण आपले हात स्वच्छ असतात. खेळांत मात्र प्रेक्षकच कर्ता होतो. दार त्यानें उघडल्यावांचून उघडत नाहीं, घाव त्यानें घातल्यावांचून बसत नाहीं. या एका भेदामुळें खेळाच्या समीक्षेला नाट्यसमीक्षेची सारीं मापें जशींच्या तशीं लावतां येत नाहींत.

हा भेद ज्यानें ओळखला नाहीं, अशा महत्त्वाकांक्षी खेळाचें उदाहरण म्हणून 'झेनोगिअर्स'कडे बोट दाखवितां येईल. जपानच्या स्क्वेअर कंपनीनें १९९८ सालीं तो प्रसिद्ध केला. तेत्सुया ताकाहाशी हे त्याचे दिग्दर्शक. त्याचा नायक फेई याचें मन बालपणच्या आघातानें दुभंगलेलें आहे, आणि त्या मनाच्या विध्वंसक अंशाला 'इड' हें नांव दिलेलें आहे. फ्रॉइडच्या परिभाषेंतील आदिम वासनांचें हें इंग्रजी भाषांतरांतून रूढ झालेलें नांव. या खेळाचा व्यासंग थक्क करणारा आहे यांत शंका नाहीं. परंतु तो व्यासंग बहुतांशीं बोलून दाखविलेला आहे. फेईच्या हातून त्याचें गांव उद्ध्वस्त होतें तें दृश्य खेळणारा नुसतें पाहतो. त्याचे स्वतःचे हात त्या वेळीं मोकळेच असतात. दुसऱ्या तबकडींत तर कथेचा मोठा भाग पात्रें खुर्चींत बसून निवेदन करतात. दुभंगलेल्या मनाविषयीं येथें पुष्कळ कळतें. पण आपलें मन दुभंगण्याचा लवलेशही अनुभव येत नाहीं. मनोविश्लेषण येथें पाहुणा म्हणून आलें, त्याचा सत्कारही झाला; घरच्या कारभारांत मात्र त्याला कोणी घेतलें नाहीं.

२००७ सालीं आलेल्या 'बायोशॉक' या अमेरिकन खेळाचें पाऊल याच्या पुढें पडतें. केन लेव्हिन यांच्या कल्पनेंतून उतरलेल्या या खेळांत अटलांटिक महासागराच्या तळाशीं वसविलेलें रॅप्चर नांवाचें नगर आहे. राजसत्ता, धर्म आणि समाज यांपैकीं कोणाचेंही ऋण न मानणाऱ्या माणसांसाठीं अँड्र्यू रायन या धनाढ्य पुरुषानें १९४६ सालीं तें उभारलें, अशी कल्पना आहे. १९६० सालीं नायक तेथें पोंचतो तेव्हां त्याचे भग्नावशेषच उरलेले असतात. रायनचें नांव आणि त्याचे विचार हीं दोन्ही आयन रँड (१९०५–१९८२) या लेखिकेच्या व्यक्तिवादी तत्त्वज्ञानाची उघड आठवण करून देतात. पाझरणाऱ्या भिंती आणि त्यांवरील घोषणा एवढ्यावरच खेळ थांबला असता, तर तो एक सजविलेला निबंध ठरला असता. पण तो तेथें थांबत नाहीं.

नायकाला बिनतारी यंत्रावरून एक आवाज मार्ग दाखवीत असतो. 'कृपा करून' अशा सौजन्याच्या शब्दांनीं तो एकेक काम सांगतो, आणि खेळणारा तें करीत जातो. सांगितलेलें काम करावयाचें हा तर अशा खेळांचा संकेतच आहे. रायनच्या भेटींत उलगडा होतो. नायकाला लहानपणापासून असें घडविलेलें असतें कीं, ते शब्द कानीं पडतांच त्याला आज्ञा मोडतां येऊं नये. स्वतंत्र मनुष्य निवडतो आणि गुलाम आज्ञा पाळतो, हें आपलें तत्त्व उच्चारीत रायन त्याच्याकडूनच आपला वध करवून घेतो, आणि त्या क्षणीं खेळणाराच्या हातांतील सर्व नियंत्रण काढून घेतलेलें असतें. आपण आपल्या बुद्धीनें येथवर चालत आलों ही समजूत एका घटकेंत ढांसळते. आपण केवळ निमित्तमात्र होतों, हें येथें कोणी सांगत नाहीं. तें हातांना कळतें.

तथापि या आरोपाचा न्याय तपासला पाहिजे. खेळणारानें आज्ञा पाळली, कारण दुसरा मार्ग ठेवलेलाच नव्हता. आवाजाला नकार द्यावयाचा तर खेळ बंद करून उठणें एवढाच उपाय होता. क्लिंट हॉकिंग या कॅनेडियन खेळरचनाकारानें २००७ सालींच या विसंगतीवर बोट ठेवलें: रॅप्चरमधील लहान मुलींचा बळी देऊन शक्ति मिळवावी कीं त्यांना वांचवावें, ही निवड खेळाचे नियम देतात आणि स्वहिताची वाट मोकळी ठेवतात, कथा मात्र खेळणाराला परक्याच्या मदतीस जुंपते आणि तेथें कसलीही निवड देत नाहीं. आमच्या मतें याहूनही गंभीर उणीव पुढें आहे. बंधन तुटल्यावर नायक मुक्त झाला असें आपल्याला सांगण्यांत येतें. पण लगेच दुसरा एक आवाज दुसरीं कामें सांगूं लागतो आणि आपण पूर्ववत् निघतों. दास्याचें इतकें प्रभावी दर्शन घडविणाऱ्या या खेळाजवळ स्वातंत्र्याचें दर्शन घडविण्याचें साधन नाहीं. ज्याला 'नाहीं' म्हणण्याची संधिच दिली नाहीं त्याला गुलाम म्हणून हिणवणें ही युक्ति आहे, न्याय नव्हे.

याहून शांत आणि अधिक खोल असें उदाहरण पाहण्यासाठीं कालक्रमानें मागें जावें लागतें. कोनामी या जपानी कंपनीनें २००१ सालीं 'सायलेंट हिल २' हा खेळ प्रसिद्ध केला. हिरोयुकी ओवाकू हे त्याचे लेखक. जेम्स संडरलंड या गृहस्थाला त्याच्या पत्नीचें, मेरीचें, पत्र येतें. मेरी आजारानें वारून तीन वर्षें झालीं, असें तो समजत असतो. पत्रांत तिनें एका धुक्याच्या गांवीं बोलाविलेलें असतें, म्हणून तो तेथें येतो. गांवांत त्याला विकृत देहांचे प्राणी भेटतात; त्रिकोणी लोखंडी शिरस्त्राण घातलेला एक वधिक त्याच्या मागावर असतो; आणि हुबेहूब मेरीसारखी, पण तिच्याहून मोहक, अशी मारिया त्याच्या सोबतीस येते. अखेर एका हॉटेलच्या खोलींत चित्रफीत पाहतांना सत्य उघड होतें: आजारी मेरीच्या तोंडावर उशी दाबून जेम्सनेंच तिचा जीव घेतलेला आहे.

फ्रॉइडचें नांव येथें कोणी घेत नाहीं. तरीही गांवाची सारी रचना नेणिवेच्या नियमांनीं झालेली आहे. प्रत्येकाला गांव वेगळें दिसतें. जन्मभर अत्याचार सोसलेली अँजेला एका जळत्या जिन्यावर उभी असते, आणि आपल्याला सर्वत्र अशीच आग दिसते असें सहज सांगून जाते. उलट लॉरा या निष्पाप मुलीला गांवांत एकही भयंकर प्राणी दिसत नाहीं. आपल्या दुबळेपणामुळें, शिक्षा करणारा कोणी हवा होता म्हणूनच आपण त्या वधिकाला निर्माण केलें, हें जेम्सला शेवटीं उमगतें. सर्वांत सूचक तें मेरीचें पत्र. जेम्सच्या सामानांतील त्या कागदावरचीं अक्षरें कथेच्या ओघांत नाहींशीं होतात. पुढें कागदही उरत नाहीं. जो खेळणारा तें पुनः उघडून पाहात नाहीं त्याला याचा पत्ताही लागत नाहीं.

परंतु या खेळाचें खरें श्रेष्ठत्व प्रतीकांत नाहीं, त्याच्या शेवटांत आहे. प्रथम खेळतांना तीन शेवट संभवतात: जेम्स मेरीचा निरोप घेऊन गांव सोडतो, किंवा स्वतःला पाण्यांत लोटून देतो, किंवा मारियाला घेऊन निघतो. यांतील कोणता, हें खेळणाराला कोणीच विचारीत नाहीं. खेळ त्याच्या बारीकसारीक कृति नकळत टिपीत असतो. अँजेलाकडून आलेली सुरी शस्त्र म्हणून उपयोगी पडत नाहीं, ती फक्त पाहतां येते. ती कोणी वारंवार पाहिली, जखमा तशाच वाहूं दिल्या, तर कथा पाण्याकडे वळते. मेरीचें छायाचित्र आणि पत्र पाहिलें, जखमांवर वेळेवर उपचार केले, तर निरोपाकडे. मारियाच्या जवळ राहून तिला जपलें, तर तिच्याकडे. आणि त्या शेवटांत मारियाला खोकला येऊं लागतो, म्हणजे सारी कथा नव्यानें सुरू होण्याचा संभव दिसतो. शोक आणि विषण्णता यांतील जो भेद फ्रॉइडनें १९१७ सालच्या निबंधांत मांडला, कीं एकांत मनुष्य हळूहळू गेलेल्यापासून सुटतो आणि दुसऱ्यांत आपला रोष स्वतःवरच उलटवितो, तो येथें कृतींतून उतरला आहे.

ही रीत मनोविश्लेषणाचीच रीत आहे. मनुष्य स्वतःविषयीं काय सांगतो याहून तो काय विसरतो, काय हाताळीत राहतो, कोठें घुटमळतो, याकडे पाहावें, असें फ्रॉइडनें १९०१ सालच्या ग्रंथांत नित्याच्या चुका आणि विस्मरणें यांवरून दाखविलें. 'बायोशॉक' खेळणारावर आरोप ठेवतो. 'सायलेंट हिल २' त्याचें निरीक्षण करतो. खून खेळ सुरू होण्यापूर्वींच झालेला आहे, तो आपण केला नाहीं, आणि बदलूंही शकत नाहीं. त्या गतगोष्टीशीं कसें वागावें एवढेंच आपल्या हातीं असतें, आणि तें आपण न कळत ठरवून बसलेले असतों.

येथें एक रास्त आक्षेप निघेल. सुरी पाहणाराच्या मनांत निराशाच असेल कशावरून? निव्वळ कुतूहलही असेल. औषध तो कंजूषपणानें राखून ठेवीत असेल. हें खरें आहे. यंत्र ऐकत नाहीं, तें मोजतें. आणि मोजणारा विश्लेषक ओबडधोबडच असावयाचा. शिवाय या शेवटांचीं कारणें आतां सर्वत्र छापलीं गेलीं आहेत. ब्लूबर टीम या पोलिश संस्थेनें २०२४ सालीं हा खेळ नव्यानें रचला, तेव्हां अनेकजण तीं आधींच पाठ करून बसले होते. ग्रंथ वाचून आलेला रुग्ण वैद्याला फसवितो, तसा असा खेळणारा खेळाला फसवितो. पण तो फसवितो म्हणजे मुकतो तोच. शेवट पदरांत पडतो. त्या शेवटांत आपलें जें कांहीं दिसावयाचें असतें तें दिसत नाहीं.

तेव्हां खेळांतील तत्त्वज्ञानाची परीक्षा करतांना त्यांत कोणा थोरांचीं नांवें आलीं आहेत हें शोधण्यांत अर्थ नाहीं. खेळून झाल्यावर आपल्याला आपल्याच एखाद्या कृतीचा जबाब देतां येईनासा झाला काय, एवढें विचारावें. संवादांतून सांगितलेला सिद्धान्त ग्रंथांत अधिक चांगला वाचावयास मिळतो. त्यासाठीं खेळाची गरज नाहीं. आपल्या हातांनीं काय केलें आणि तें आपल्याला कसें ठाऊक नव्हतें, हें मात्र ग्रंथ दाखवूं शकत नाहीं. तें दाखविण्याचें सामर्थ्य ज्या कलेंत आहे तिला पाहुण्यांच्या मोठेपणावर मिरविण्याचें कारण नाहीं.