रंग का बसत नाही?

पेणच्या गणपतीच्या कारखान्यात पितांबर, शेला, दागिने रंगवायला चार हात मिळतात. डोळ्यांच्या आखणीला मात्र ठरलेला हातच बसतो. पेण, हमरापूर, जोहे इथल्या कच्च्या मूर्ती टेंपोत चढतात, महाड-पोलादपूर करत कशेडी ओलांडून खेडकडे उतरतात आणि पुढे गावोगावी रंगतात. गणपतीआधीच्या त्या दिवसांत कशेडीच्या दोन्ही अंगांना पाऊस धरलेला असतो. शाडू आतून ओली राहते, वरून दिलेली सफेदी कोरडी वाटते, आणि आठवड्यात पोपडा सुटतो. जाणता कारागीर अशा वेळी रंगाच्या डब्याकडे बघतच नाही. तो मूर्तीवरून तळवा फिरवतो. माती गार लागली तर बल्ब लावून थांबतो. पॉलिश पेपरची धूळ हाताला आली तर आधी ती पुसतो.

हीच नजर मला संगणकावरच्या मूर्तिकामात फार मोलाची वाटते. झेडब्रश हे सॉफ्टवेअर १९९९ पासून आहे, आणि मातीसारखं दाबत-ओढत रूप घडवायची सोय त्यात आहे. त्यातल्या रंगकामाला पॉलिपेंट म्हणतात. त्याची गंमत अशी, की रंग कुठल्या वेगळ्या कागदावर नसतो. तो मूर्तीच्या पृष्ठभागाच्या जाळीवर, तिच्या बिंदूंवर असतो. एका बिंदूला एक रंग, मधली जागा त्या रंगांच्या मिश्रणाने भरते.

आता एक बैठा गणपती घ्या. अख्ख्या मूर्तीत दहा हजार बिंदू. डोळ्याच्या वाट्याला त्यातले येऊन येऊन किती येणार? काजळाची रेघ ओढली की तिचा धूसर डाग होतो, कोपऱ्याशी पायऱ्या दिसतात. नवशिका ब्रश बारीक करतो, आणखी बारीक करतो, आणि डाग तसाच. दोष ब्रशात नाहीच. जाळीच्या विभाजनाची एक पातळी वाढवली की बिंदू साधारण चौपट होतात: दहा हजारांचे चाळीस हजार, मग एक लाख साठ हजार, मग सहा लाख चाळीस हजार. ४०९६ बाय ४०९६ च्या चित्राइतका बारकावा हवा असेल तर बिंदू दीड कोटीच्या पुढे लागतात. रेघ कुठल्या पातळीवर पापणीसारखी निमुळती होते ते डोळ्यांनी बघण्यात खरी मजा आहे.

बाकीची दुखणी किरकोळ, पण छळतात. रंग उमटतच नाही? आरजीबीचं बटण बंद असेल. रंगाबरोबर गालावर उंचवटा येतोय? मग झेड-अॅड चालू राहिलंय. एका पट्ट्यावर रंग चढत नाही, तर तिथे रंग अडवणारा मास्क काढायचा राहिलेला असतो. पांढरं भरलं तरी सोवळं तांबूस दिसतं, कारण सुरुवातीचं रेड वॅक्स मटेरियल स्वतःचा लाल त्यात मिसळतं. मटेरियल बदला, पांढरा होता तिथेच आहे. आणि सगळाच रंग गायब झाला तर घाबरू नये. सबटूलपुढचं, म्हणजे मूर्तीच्या त्या भागाच्या नावापुढचं, छोटं ब्रशचं चिन्ह बंद पडलेलं असतं. रंग पुसलेला नसतो, नुसता झाकलेला असतो.

सिमेट्रीचा प्रश्न मात्र बटणाचा नाही, रसिकतेचा आहे. एक बाजू रंगवली की दुसरी आपोआप रंगते. कान, दंड, तोडे यांना ही सोय उत्तम. सोंड डावीकडे वळली की ही सोय फसते, कारण पलीकडे जुळणारा आकारच नसतो. डोळ्यांना ती चालते, आणि तिथेच घात होतो. आरशातून काढलेले दोन तंतोतंत डोळे तुमच्याकडे बघत नाहीत, नुसते उघडे असतात. हाताने आखणारा उजवा डोळा काढून झाल्यावर मागे सरतो, पाटासमोर बसणाऱ्याच्या उंचीवरून बघतो आणि मग डाव्याची बाहुली ठेवतो. त्या केसभर फरकात मूर्ती समोरच्याला ओळखते. माझ्या मते बिंदू कितीही कोटी घ्या, डोळ्यांपुरती सिमेट्री बंदच हवी.

यंदा मूर्ती ठरवायला जाल, तेव्हा किंमत विचारण्याआधी खाली बसून तिच्या नजरेत बघा. मूर्तीचा मूळ नमुना संगणकावर घडलेला असो की शाडूत, आखणी करणाऱ्याचं नावही विचारा. पावतीवर ते कधी नसतं.