विद्यापीठीय सेवकांचे स्वेच्छावर्तन : संकल्पना आणि हैदराबादचा अनुभव

नेमून दिलेल्या कामापलीकडे कर्मचारी स्वेच्छेने जे करतो, त्याला डेनिस ऑर्गन यांनी 1988 मध्ये ‘संघटनात्मक नागरिकत्व वर्तन’ म्हटले. सहकार्यवृत्ती, कर्तव्यदक्षता, खिलाडूवृत्ती, सौजन्य व संस्थेविषयीची आस्था हे त्याचे पाच घटक. असे वर्तन वाढले की संस्थेची परिणामकारकता वाढते, हा निष्कर्ष आपल्याकडील प्रबंधांतून बहुधा जसाच्या तसा उतरवला जातो. तो तपासून पाहणे आवश्यक आहे.

हैदराबाद-सिकंदराबाद परिसरात प्रश्नावलीच्या भाषेपासूनच अडचण सुरू होते. ‘स्वेच्छेने’ यासाठी उर्दूत ‘रजाकाराना’ हा सरळ शब्द आहे; परंतु 1947-48 च्या आठवणींमुळे येथील मराठी भाषकाच्या कानाला तो वेगळाच लागतो. अशा शब्दांवर मिळालेल्या उत्तरांची सरासरी काढून काय हाती लागते?

इतिहासातील उदाहरण अधिक बोलके आहे. उस्मानिया विद्यापीठ 1918 मध्ये उर्दू माध्यमातून सुरू झाले. पाठ्यपुस्तकांसाठी 1917 मध्येच दारुल तर्जुमा स्थापन झाला होता आणि मौलवी अब्दुल हक त्याचे पहिले नाजिम होते. तेथील भाषांतर हे पगारी काम होते. ते स्वेच्छावर्तनात धरता येत नाही. मात्र 1912 पासून त्यांनी सांभाळलेले अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे चिटणीसपद, औरंगाबादहून 1921 मध्ये सुरू केलेले ‘उर्दू’ हे त्रैमासिक आणि 1937 चा इंग्रजी-उर्दू कोश हे नोकरीच्या चौकटीबाहेरचे कार्य होय. विद्यापीठाच्या भाषेला त्याचा लाभ झाला, यात शंका नाही. पण त्यांच्यामागे शिक्षण खात्यातील स्थिर पद आणि निजाम सरकारचे अनुदान होते, हे गौरवलेखांत सहसा येत नाही.

आज तेलंगणातील विद्यापीठांत कंत्राटी व अर्धवेळ अध्यापकांची संख्या मोठी आहे. कायम करण्याच्या मागणीसाठी त्यांनी आंदोलनेही केली आहेत. त्यांच्याबाबत ‘खिलाडूवृत्ती’, म्हणजे गैरसोय तक्रारीविना सोसणे, हा घटक कसा मोजायचा? नूतनीकरणाची वाट पाहणारा अध्यापक सुटीच्या दिवशी प्रवेशाचे काम करतो, मूल्यांकनाच्या फायली लावतो आणि गप्प राहतो. प्रश्नावलीत त्याला उत्तम गुण पडतील. अभ्यासक व्हिगोडा-गॅडोट यांनी 2006 मध्ये ‘सक्तीचे नागरिकत्व वर्तन’ ही संज्ञा वापरली ती अशाच स्थितीसाठी. आपल्याकडील मांडणीत तिचा उल्लेख क्वचितच आढळतो.

दुसरा घोळ गुणांकनाचा. औपचारिक मोबदल्याच्या पद्धतीत ज्याची थेट नोंद नसते ते स्वेच्छावर्तन, अशी ऑर्गन यांची मूळ व्याख्या होती. 1997 मध्ये त्यांनी ती सैल केली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2010 च्या नियमावलीने मात्र विस्तारकार्य व सहशैक्षणिक उपक्रमांना पदोन्नतीसाठी गुण दिले. ती गुणपद्धती 2018 मध्ये बदलली, तरी प्रमाणपत्रे जमवण्याची सवय राहिली. गुणांसाठी घेतलेले शिबिर आणि कोणी न सांगता कच्च्या विद्यार्थ्याला दिलेला तास एकाच रकान्यात बसवणारे संशोधन परिणामकारकतेविषयी फारसे सांगू शकत नाही. यापुढील प्रबंधांत कायम व कंत्राटी अध्यापकांची उत्तरे वेगळी मांडावीत, आणि ‘नाही’ म्हटल्यास काय होते, हा प्रश्न दोघांनाही विचारावा.