निहालीची नोंद झाली, शिकवणी कधी?

केंदूरच्या शाळेत मूल 'व्हतं' म्हणाले, की गुरुजी 'होतं' असे सांगतात आणि पाठ पुढे सरकतो. घरची बोली व पुस्तकी मराठी यांत तेथे एका पायरीचेच अंतर असते. बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद परिसरात, सातपुड्याच्या पायथ्याशी, निहाली बोलणाऱ्या घरातील मुलाची गोष्ट वेगळी आहे. निहालीत पाण्याला 'जोप्पो' आणि डोळ्याला 'जिकी' म्हणतात. या शब्दांवरून 'पाणी' किंवा 'डोळा' यांचा अंदाजही बांधता येत नाही.

या भाषेचा सविस्तर परिचय करून देणारा ग्रंथ म्हणजे डॉ. के. एस. नागराजा यांचे 'द निहाली लँग्वेज' (भारतीय भाषा संस्थान, म्हैसूर, 2014). लेखक पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील भाषाशास्त्रज्ञ. व्याकरण, संहिता आणि शब्दसंग्रह अशी ग्रंथाची मांडणी आहे.

या कामाचे मोल मोठे आहे. निहालीत कोरकूचे शब्द पुष्कळ आहेत, मराठी-हिंदीचेही आहेत. 'इरार' (दोन) आणि 'नालो' (चार) हे शब्द कानडीच्या 'एरडु', 'नाल्कु' यांची आठवण देतात. तरीही सुमारे एक चतुर्थांश शब्दांचे नाते कोणत्याच भाषेशी जुळत नाही, असे डच अभ्यासक कुइपर यांनी 1962 साली दाखवले. ज्या वनस्पतीच्या कुळात दुसरी जातच उरलेली नाही, तिच्यासारखी ही भाषा आहे. ती गेली तर तिच्या जागी पाहायला दुसरा नमुना नाही.

बोलणारे मात्र 2000 ते 2500 च्या आसपास. 1971 नंतरच्या जनगणनेत दहा हजारांहून कमी भाषकांच्या भाषांचे आकडे स्वतंत्रपणे दिले जात नाहीत. जी भाषा आकड्यांत दिसत नाही, तिच्यासाठी पाठ्यपुस्तकाची मागणी करणार कोण? 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा माध्यम असावी असे म्हटले आहे. 'शक्य तेथे' या दोन शब्दांत निहाली सहज हरवते.

शिक्षकाच्या दृष्टीने ग्रंथाची मर्यादा येथेच जाणवते. तो इंग्रजीत आहे आणि भाषाशास्त्रज्ञांसाठी आहे. गावातील शिक्षकाला तो उघडून दुसऱ्या दिवशीचा पाठ घेता येणार नाही. हा ग्रंथाचा दोष म्हणता येणार नाही. पण भाषेची नोंद झाली म्हणजे ती वाचली, ही आपली समजूत मात्र चुकीची आहे. दप्तरी ठेवलेले बी उगवत नाही.

न्यूझीलंडमधील माओरी लोकांनी 1982 साली 'कोहांगा रेओ', म्हणजे 'भाषेची घरटी', सुरू केली. शाळेपूर्वीच्या वयातील मुले तेथे माओरी बोलणाऱ्या आजी-आजोबांच्या सहवासात राहू लागली. व्याकरण शिकवण्याआधी भाषा कानावर पडली.

आपल्याकडेही आरंभ एवढ्यावर होऊ शकतो. नागराजांच्या शब्दसंग्रहातून अंक, शरीराचे अवयव, झाडे, प्राणी असे शंभरएक शब्द देवनागरीत काढावेत. गावातील आजीला वर्गात बोलवावे, उच्चार तिच्याकडून घ्यावेत आणि ग्रंथातील चुकाही तिनेच दुरुस्त कराव्यात. मुलाने निहालीत उत्तर दिले तर ते उत्तर म्हणून फळ्यावर लिहावे. यासाठी शिक्षकाला निहाली यायलाच हवी असे नाही. ती मुलासमोर शिकायची तयारी हवी. ग्रंथाची खरी परीक्षा ग्रंथालयात होणार नाही, ती त्या फळ्यावर होईल.