पेशीचा धनी कोण?

शब्द निष्पाप नसतात, हे साहित्याच्या क्षेत्रात आपण मान्य केले आहे. विज्ञानाच्या भाषेला मात्र आपण ही कसोटी लावीत नाही. तेथले शब्द मोजमापातून आले, त्यांना माणसाचा हात लागलाच नाही, असे आपण गृहीत धरतो. हे गृहीतच मला तपासावयाचे आहे. त्यासाठी मी प्रतिकारशास्त्रातील एकच शब्द घेतो: 'मास्टर रेग्युलेटर'. मास्टर म्हणजे येथे शाळेतले मास्तर नव्हेत, धनी, मालक.

हा शब्द कोठे येतो ते आधी पाहू. आपल्या शरीरातील सहायक टी-पेशी कोवळ्या असतात तेव्हा कोणत्याच एका कामाला बांधलेल्या नसतात. जंतूशी गाठ पडल्यावर त्यांची निरनिराळी घडण होते. १९८६ साली मोसमन आणि कॉफमन यांनी उंदरांच्या पेशींत असे दोन प्रकार दाखविले. २००५ साली अमेरिकेतील दोन गटांनी आणखी एक प्रकार वेगळा काढला. ही पेशी इंटरल्युकिन-१७ नावाचे प्रथिन सोडते आणि दाह पेटविते. म्हणून तिचे नाव टीएच-१७. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क येथील डॅन लिटमन यांच्या प्रयोगशाळेने दाखविले की, आरओआर-गॅमा-टी हे प्रथिन नसेल तर या पेशी फारच थोड्या घडतात. हे प्रथिन डीएनएवर बसून जनुके चालू-बंद करते. या शोधानंतर त्याला सर्रास 'धनी' म्हटले जाऊ लागले.

शोध खरा आहे, मोलाचाही आहे. माझा आक्षेप पदवीला आहे. एखादी गोष्ट नसली की काम अडते, यावरून ती आवश्यक आहे एवढेच सिद्ध होते. ती मालक आहे हे सिद्ध होत नाही. आयआरएफ-४ हे प्रथिन नसले तरी टीएच-१७ घडत नाही, हे २००७ साली दिसले. बॅटफ नसले तरी घडत नाही, हे २००९ साली दिसले. अडण्याचीच कसोटी लावावयाची तर एका पेशीला किमान तीन धनी होतात. आणि तीन धनी म्हणजे धनी कोणीच नाही. शिवाय आरओआर-गॅमा-टी हे काही एकट्या टीएच-१७ चे नव्हे. थायमस ग्रंथीत वाढणाऱ्या टी-पेशी त्याच्या आधाराने जगतात. गर्भात ते नसेल तर लसिकाग्रंथी तयार होत नाहीत.

सर्वांत बोलका पुरावा त्याच प्रयोगशाळेने २०१२ साली दिला. डीएनए पेशीत उघडा पडलेला नसतो; तो प्रथिनांभोवती गुंडाळून मिटलेला असतो. ही मिटलेली जागा आधी उघडावी लागते. ते काम बॅटफ आणि आयआरएफ-४ यांचे. मग स्टॅट-३ येते आणि घडणीला सुरुवात होते. आरओआर-गॅमा-टी यानंतर येते. चाललेल्या कामाला ते सूर लावते आणि मोजक्या मोक्याच्या जनुकांवर मात्र निर्णायक ठरते. म्हणजे ज्याला धनी म्हटले, तो दुसऱ्यांनी नांगरलेल्या शेतात उतरला. नांगरणारांचे नाव पदवीत नाही. हे आपल्या वाचकाला निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

आणि हे सर्व सुरू होते कोठून? बाहेरून. टीजीएफ-बीटा एकटे असेल तर तीच कोवळी पेशी दाह शमविणारी होऊ शकते. त्यात इंटरल्युकिन-६ मिसळले की दाहक होते. हे २००६ साली विजय कुचरू यांच्या गटाने दाखविले. २००९ साली कळले की, उंदराच्या आतड्यात एक विशिष्ट तंतूसारखा जंतू असला तर तेथे या पेशी वाढतात. घडल्यानंतरही पेशी कायमची बांधली जात नाही. २०११ साली लंडनमध्ये ब्रिगिटा स्टॉकिंगर यांच्या गटाने उंदरांतील या पेशींवर कायमची खूण केली. दीर्घ दाहात त्यांतील बहुतेकींनी आपले काम बदलले. कातडीवरील कॅन्डिडा बुरशीच्या अल्पकाळच्या संसर्गात तसे झाले नाही. परिस्थिती पेशीला घडविते, आणि पुन्हा घडविते.

वॉडिंग्टन यांनी १९५७ साली उतारावरून घरंगळणाऱ्या गोळ्याचे चित्र काढले, ते सर्वत्र छापले जाते. त्यांनी दुसरेही चित्र काढले होते: त्याच उताराची खालची बाजू. तेथे खुंट्या आहेत, त्यांना बांधलेल्या दोऱ्यांचे जाळे आहे, आणि जमिनीचा चढउतार त्या साऱ्या ताणातून झाला आहे. खुंट्या म्हणजे जनुके. त्यांत मुख्य खुंटी कोठेच नाही. हे दुसरे चित्र फारसे छापले जात नाही, हे मला सूचक वाटते.

कोणी म्हणेल, हा तांत्रिक शब्द आहे, तो कोण अक्षरशः घेतो? पण शब्द प्रयोगशाळेत थांबत नाही. आरोग्यविषयक लेखातून तो मराठीत येतो आणि 'सारे जनुकातच असते' असा होतो. त्याच्यामागून 'रक्तातच आहे' हे जुने वाक्य नव्या कपड्यांत येते. रक्तशुद्धीच्या आधारे जातीचे समर्थन करणारांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ सालीच उत्तर दिले आहे. ते वाक्य विज्ञानाच्या नावाने परत येऊ नये.

मात्र टी-पेशीवरून समतेचा पुरावा काढण्याचाही मोह मला नको. पेशी म्हणजे समाज नव्हे. माणसाची समता प्रयोगशाळेच्या निकालावर टांगली, तर उद्या निकाल फिरताच ती हिरावून घेता येईल. समतेला पेशीच्या साक्षीची गरज नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. एक पेशी दुसरीपासून विभागून झाली एवढेच सांगावयाचे असेल, तेथे 'वंश' म्हणा. पेशीचे काम कसे ठरते हे सांगताना 'घडण' म्हणा. आणि आरओआर-गॅमा-टीला 'आवश्यक नियामक' म्हणा. त्याने त्याचे महत्त्व कमी होणार नाही. नांगरणारांचे मात्र नोंदले जाईल.