यजमानाची भूक

सणाच्या जेवणावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु त्यातील बहुतेक लेखन जेवणाराच्या बाजूचे आहे. पानात काय वाढले होते, कोणता पदार्थ साधला होता, कोणी किती वाट्या रिचवल्या, याची वर्णने हवी तेवढी सापडतात. ज्याने पंगत मांडली, त्याच्या मनात काय चालले होते, हे मात्र क्वचितच कळते. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणाऱ्या 'थँक्सगिव्हिंग'च्या सणाभोवती जे लहानसे वाङ्मय उभे राहिले आहे, त्यात यजमानाकडे थोडे अधिक लक्ष गेलेले दिसते. त्यातील दोन कथा व एक चित्र आम्ही नुकतीच एकापाठोपाठ एक पाहिली. परप्रांती, सरकारी घरात दिवाळीची पंगत मांडणाऱ्या आमच्या वाचकांना त्यांत काही ओळखीचे भेटेल असे वाटल्यावरून हे टिपण.

सणाची पूर्वपीठिका थोडक्यात सांगणे अवश्य आहे. सुगी घरात आल्यावर देवाचे आभार मानून सर्व कुटुंबाने एकत्र जेवावे, ही न्यू इंग्लंडमधील जुनी रीत. ती साऱ्या राष्ट्राची व्हावी म्हणून सारा जोसेफा हेल या संपादिकेने वर्षानुवर्षे लेख लिहिले, पत्रे धाडली. त्यांच्या १८२७ सालच्या 'नॉर्थवुड' या कादंबरीत या भोजनाचे भरघोस वर्णन आहे. पुढे १८६३ साली, यादवी युद्ध ऐन भरात असताना, लिंकनने या दिवसाची राष्ट्रीय घोषणा केली आणि चौथा गुरुवार कायद्याने ठरला तो १९४१ साली. म्हणजे पान आधी कादंबरीत मांडले गेले, आणि सरकारदरबारी ते फार उशिरा पोचले. साहित्याला इतके यश एरवी मिळत नाही!

लुईझा मे अल्कॉट या बाईंची १८८१ मधील 'ॲन ओल्ड-फॅशन्ड थँक्सगिव्हिंग' ही कथा याच परंपरेतील होय. न्यू हॅम्पशायरच्या डोंगराळ भागातील एक शेतकरी कुटुंब. सणाच्या तोंडावर आजी अत्यवस्थ असल्याचा निरोप येतो, आईबाप बर्फातून निघून जातात आणि टिली ही थोरली मुलगी भावंडांना हाताशी धरून जेवणाचा घाट घालते. टर्कीच्या पोटात भरायच्या सारणात भलताच कडू पाला पडतो, पुडिंगाचा दगड होतो. निरोप चुकीचा ठरून आईबाप नातलगांसह परततात आणि सारे हसत हसत जेवतात. कथा गोड आहे, स्वयंपाकघरातील धांदल बाईंनी फार चांगली टिपली आहे. परंतु या यजमानीणबाईंना गमवायचे काहीच नाही. सारण कडू झाले तरी आई रागावणार नाही, हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असते. पाहुणे घरचेच असले की यजमानपणाची परीक्षाच होत नाही.

ती परीक्षा ओ. हेन्री यांनी घेतली. 'टू थँक्सगिव्हिंग डे जंटलमेन' ही त्यांची कथा 'द ट्रिम्ड लॅम्प' या १९०७ च्या संग्रहात आहे. स्टफी पीट हा न्यूयॉर्कचा एक भणंग. युनियन स्क्वेअर बागेतील ठराविक बाकावर तो दर वर्षी या दिवशी येऊन बसतो. तेथे काळ्या पोशाखातील एक कृश वृद्ध गृहस्थ येतात, ठराविक शब्दांत त्याला जेवणाचे आमंत्रण देतात, खाणावळीत नेऊन पोटभर जेवू घालतात आणि स्वतः समोर बसून पाहतात. नऊ वर्षे हा नेम चालला आहे. वृद्धाला मूल नाही. आपल्यामागे हा नेम चालवायला एखादा मुलगा असता तर, एवढीच त्याची खंत. घर म्हणण्यासारखे काही उरले नसल्यामुळे तो खाणावळीच्या मेजालाच घर करतो.

यंदा गोष्ट बिघडते. वाटेत एका जुन्या वाड्यातल्या दोन वृद्ध भगिनींच्या नोकराने पीटला गाठून आत नेलेले असते. दारावरून जाणाऱ्या पहिल्या भुकेल्याला जेवू घालण्याचा त्यांचाही कुळाचार! कंठापर्यंत जेवून, सदऱ्याच्या गुंड्या तुटलेल्या अवस्थेत पीट केवळ सवयीने बाकावर येऊन बसतो, तोच वृद्ध गृहस्थ समोर उभे राहतात. पीटला नाही म्हणवत नाही. फार भूक लागली आहे असे तो सांगतो, आणि पुन्हा एकदा टर्कीपासून पुडिंगापर्यंत सर्व काही खातो. का? तर त्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरचा आनंद मावळू नये म्हणून. आमच्या मते कथेचे हृदय येथे आहे. दान देणारा वृद्ध नव्हे, भिकारी आहे. दुसऱ्याला यजमानपण लाभावे म्हणून त्याने स्वतःची भूक खोटी उभी केली.

हा प्रसंग अमेरिकन वाचकापेक्षा मराठी वाचकाला अधिक कळेल, असे आम्हांस वाटते. याचे कारण 'आग्रह'. हात आडवा धरला तरी वरून जिलबी टाकणारा वाढपी आपल्याकडे कौतुकाचा विषय असतो आणि पानात पडलेले टाकायचे नाही, हेही आपणच शिकवलेले असते. दोन शिष्टाचारांच्या या कात्रीत पाहुणा सापडतो. स्टफी पीट तो आपलाच पंक्तीतला माणूस.

येथे एक कबुली देणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी उत्तरेकडील एका जिल्ह्याच्या गावी असताना पाडव्याच्या दिवशी आम्ही कचेरीतील मंडळींना जेवावयास बोलावले. श्रीखंडासाठी चक्का घरीच बांधला होता. मराठी पक्वान्न परप्रांतीयांस दाखवण्याचा हुरूपही होता. एका प्रौढ कारकुनाला ते आवडल्यासारखे दिसले, म्हणून आम्ही स्वतः उठून त्यांच्या पानात वाढले. मग पुन्हा वाढले. दरवेळी ते हात जोडीत, "साहेब म्हणतात म्हणून" असे काहीसे बोलत, आणि संपवीत. दुसऱ्या दिवशी ते कचेरीत आले नाहीत. तिसऱ्या दिवशी रजेचा अर्ज आमच्याच मेजावर आला; कारण म्हणून पोटाचा विकार लिहिलेला. आम्ही तो मंजूर केला आणि घरी सौभाग्यवतींना हसत हसत सांगितला. त्या हसल्या नाहीत. "तुम्ही वाढलंत, ते नाही कसं म्हणणार?" एवढेच त्या म्हणाल्या. अधिकाऱ्याचा आग्रह हा लेखी नसलेला हुकूमच असतो, हे ओ. हेन्रींची कथा पुन्हा वाचेपर्यंत आमच्या ध्यानात आले नव्हते. पीटने निदान स्वेच्छेने खाल्ले. आमच्या पाहुण्याला तेवढीही मोकळीक नव्हती.

या दोन कथांनंतर नॉर्मन रॉकवेल यांचे सुप्रसिद्ध चित्र पाहावे. रूझवेल्टने १९४१ च्या जानेवारीत सांगितलेल्या चार स्वातंत्र्यांपैकी 'अभावापासून मुक्तता' हे एक. त्याचे हे चित्ररूप १९४३ च्या मार्चमध्ये 'सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट'मध्ये छापले गेले. पांढरे शुभ्र मेजवस्त्र, पांढरी पाने, पेल्यांत साधे पाणी, आणि पांढरा एप्रन नेसलेली आजी भली थोरली टर्की मेजावर ठेवीत आहे. पांढऱ्यावर पांढरा रंग चढवण्याचे कसब असामान्य आहे, त्याबद्दल वाद नाही. पण पाहा: आजी आणि मागे उभे आजोबा सोडले तर सारे बसलेले आहेत आणि एकमेकांकडे पाहून हसत आहेत. जिने हे रांधले तिच्याकडे फारसे कोणी बघत नाही. यजमानीण येथे मेजाच्या शोभेचा एक भाग झाली आहे.

या चित्रासोबत त्याच अंकात कार्लोस बुलोसान या फिलिपिनो लेखकाचा निबंध छापला होता. शेतमजुरी करून अमेरिकेत दिवस काढलेला हा माणूस. ज्यांच्या हातांनी पीक निघते त्यांच्या वतीने तो बोलतो. एका पानावर भरलेले मेज आणि शेजारी ते पिकवणाराचा आवाज, ही संपादकाची योजना असो वा योगायोग, चित्रात जे उणे राहिले ते निबंधाने भरून काढले. आपल्याला तर आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. १९४३ हेच बंगालच्या दुष्काळाचे वर्ष. कलकत्त्याच्या रस्त्यांवर भातही नव्हे, भाताची पेज मागणारे लोक पडले होते आणि झैनुल आबेदिन, चित्तप्रसाद हे चित्रकार काळ्या शाईने ते रेखाटीत होते. चित्तप्रसादांच्या 'हंग्री बेंगाल' या पुस्तिकेच्या प्रती सरकारने जप्त केल्या. रॉकवेलला याचा दोष देणे अन्यायाचे होईल. परंतु कलकत्त्यास नोकरी केलेल्या कोणाही वाचकाला ते पांढरे मेजवस्त्र पूर्वीसारखे दिसणार नाही.

पुन्हा ओ. हेन्रींकडे वळू. त्यांच्या कथेत दोष नाहीत असे नाही. आरंभीचा थट्टेचा सूर लांबतो, आणि शेवटची कलाटणी, जी त्यांची सहीच म्हणावी, ती फार नेटकी बसते. जेवणानंतर दोघे निरोप घेतात. पीट वळणावर कोसळतो आणि रुग्णालयात जातो. तासाभराने त्याच रुग्णालयात त्या वृद्धालाही आणतात. तरुण डॉक्टर परिचारिकेला सांगतो की, हा कुलीन म्हातारा तीन दिवस उपाशी आहे. ही कलाटणी एकदा कळली की कथेत उरते काय, असे पुष्कळ टीकाकार विचारतात. आमचे उत्तर असे की, खरी कथा दुसऱ्या वाचनातच सुरू होते. समोर टर्की वाफाळत असताना तो उपाशी माणूस हाताची घडी घालून बसला होता, हे माहीत असताना ते दृश्य वाचवत नाही. तो एक घास मागू शकत होता. पीटने आनंदाने अर्धे ताट पुढे सरकवले असते, आणि दोघेही वाचले असते. पण मग त्या दिवसापुरता तो यजमान राहिला नसता.

बिल येते तेव्हा वृद्ध गृहस्थ एक डॉलर तीस सेंट चांदीच्या नाण्यांत नीट मोजून ठेवतात. नंतर पाच-पाच सेंटांची तीन नाणी वेगळी काढून वाढप्यासाठी मेजावर ठेवतात, आणि उठतात.