साल्पेत्रिएरच्या भिंतीवरील आकृती

आंद्रे ब्रुये याने साल्पेत्रिएर रुग्णालयातील शार्को यांच्या व्याख्यानाचे काढलेले चित्र १८८७ साली पॅरिसच्या वार्षिक प्रदर्शनात मांडले गेले. वैद्यकाच्या इतिहासग्रंथांतून ते इतक्या वेळा छापले गेले आहे की, चित्र म्हणून त्याकडे पाहण्याचे आपण जवळजवळ सोडून दिले आहे. शार्को बोलत आहेत. मूर्च्छित होऊ लागलेल्या ब्लांश विटमन हिला त्यांचे शिष्य बाबिन्स्की यांनी सावरले आहे. समोर पुरुष श्रोत्यांची दाटी. चित्र कौशल्याचे आहे, थोर नव्हे.

विचारार्ह भाग आहे तो मागील भिंतीवर. तेथे पॉल रिशे याने रेखाटलेली, कमानीसारखे अंग ताणलेल्या स्त्रीची आकृती दिसते. श्रोत्यांची तिच्याकडे पाठ आहे. रुग्णेच्या दृष्टीस मात्र ती सहज पडावी. झटका कसा यावयाचा, याचा नमुनाच जणू तिच्यापुढे टांगलेला आहे! १८७० नंतर या रुग्णालयात अपस्माराच्या व हिस्टेरियाच्या रुग्ण स्त्रिया एकाच विभागात राहत होत्या, हेही येथे लक्षात घ्यावयास हवे. शार्को यांनी ‘हिस्टेरो-एपिलेप्सी’च्या झटक्याच्या चार अवस्था सांगितल्या, त्यांतील पहिली अपस्मारासारखीच होती. मेंदूतील विद्युत्-लहरींचे आलेखन तेव्हा नव्हते. हान्स बर्गर यांचा मानवी मेंदूविषयीचा पहिला निबंध १९२९ चा. पुढे स्वतः बाबिन्स्की यांनीच हिस्टेरियाचे मूळ सूचनेत असल्याचे प्रतिपादिले.

यावरून त्या स्त्रिया सोंग करीत होत्या, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. प्रस्तुत लेखकास तो सर्वस्वी अग्राह्य वाटतो. भिंतीवरील आकृती सिद्ध करते ते एवढेच की, झटक्याचे रूप शिकलेले असू शकते. मातृभाषाही शिकलेलीच असते. तिला कोणी सोंग म्हणत नाही. अशा झटक्यांत रुग्णाचा हेतुपुरस्सर कावा नसतो, ही गोष्ट आज मान्य झाली आहे. तरीही ‘मनोजन्य अनपस्मारी झटके’ हे प्रचलित नाव व्याधी काय नाही एवढेच धडपणे सांगते. चित्रण व विद्युत्-आलेख एकाच वेळी घेऊन निदान निश्चित होते खरे. परंतु नैराश्य, चिंता किंवा जुना आघात सोसणाऱ्या व्यक्तीला ‘आलेख स्वच्छ आहे’ असे ऐकविले की, ती आपल्यावर खोटेपणाचा ठपका आला असे समजते. काही रुग्णांत दोन्ही प्रकारचे झटके असतात, ही गुंतागुंत वेगळीच.

फ्रॉइड १८८५-८६ मध्ये शार्को यांच्याकडे शिकले व या चित्राची प्रत त्यांनी पुढे आपल्या खोलीत लावली. त्या खोलीत बोलावयाचे ते रुग्णाने. चित्रात ब्लांशला मात्र कोणी काहीच विचारीत नाही.

ही दृष्टी अद्याप पुरती ओसरलेली नाही. ब्रिटनमधील ३६८ रुग्णांवरील एका चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीच्या उपचारांना बोधात्मक वर्तनोपचाराची जोड दिल्याने वर्षाअखेरीस झटक्यांच्या मासिक संख्येत लक्षणीय फरक पडला नाही. जीवनमान व मानसिक क्लेश यांत मात्र सुधारणा आढळली. चाचणीची मुख्य कसोटी म्हणून ठरविली गेली होती ती झटक्यांची संख्याच.